देवगाव रंगारी अजून आलेली नाही!

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं! सात वाजून पाच मिनिटांनी येणारी देवगाव रंगारी आज बी आलेली नाय! प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!"

आबांनी दोन्ही हातांचा भोंगा करून घोषणा केली आणि संध्याकाळपासून हौदाच्या काठावर ताटकळत बसलेल्या तिन्ही प्रवाशांचे चेहरे पडले.

"सलग सहावा दिवस!" ओवी म्हणाली.

"महाबळेश्वरला गेली असेल. इथं बेचाळीस डिग्रीत कोण थांबतं यार!" शेजारचा सम्यक म्हणाला.

"मला वाटतं, संप आहे," सोसायटीतलीच छोटी तनुजा गंभीरपणे म्हणाली. "एसटीचा असतो ना, तसा."

आता ही देवगाव रंगारी म्हणजे काही लाल डबा नव्हे हं! तो होता एक बेडूक. चांगला मुठीएवढा, खरखरीत पाठीचा, डाव्या डोळ्यावर पांढरा डाग असलेला म्हातारा बेडूक!

त्याचं असं झालं. ओवीचे आबा, म्हणजे रामकिसन आजोबा, चौतीस वर्षं छत्रपती संभाजीनगरच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती वाजता आली, किती वाजता सुटली, सगळं त्यांच्या वहीत. निवृत्त झाले, पण वही काही सुटेना. मग घराच्या मागच्या अंगणात त्यांनी हातभर खोल, छोटासा हौद बांधला. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, फिल्टरमधून वाया जाणारं पाणी त्यात ओतायचं. उन्हाळ्यात तहानलेले पाहुणे आपोआप यायला लागले आणि आबांना पुन्हा स्टँड मिळालं!

धापा टाकत, पोट ओढत येणारा जाडा बेडूक म्हणजे दौलताबाद, कारण तो किल्ला चढून आल्यासारखा दमलेला असायचा. भरदुपारी कुठंही न थांबता सुसाट जाणारी घोरपड म्हणजे अजिंठा जलद. ट्यूबलाइटखाली रात्रभर ड्यूटी करणारी पाल ती रातराणी. महिन्यातून एकदा येणारी लांबलचक धामण ती यात्रा स्पेशल. आणि सगळ्यांत जुना, सगळ्यांत वक्तशीर बेडूक म्हणजे देवगाव रंगारी. ते आबांचं गाव!

"जित्याची खोड!" असं म्हणत लीलाआजी कपाळाला हात लावायच्या. पण हौदात पाणी ओतायला त्याच पुढे!

आबांच्या वहीत आगमन, पाणी, रवाना, शेरा असे चार रकाने होते. लातूरहून सुट्टीला आलेल्या ओवीला त्या वहीत एकदा तरी लिहायचं होतं. पण आबा वही छातीशी धरून म्हणायचे, "नाय बाबा. नियंत्रकाची वही नियंत्रकच लिहितो."

आणि आता ती वही भराभर रिकामी पडत चालली होती. आधी एकेक करत पाच बेडूक आणि सापसुरळी बंद झाली, मग देवगाव रंगारीसुद्धा. दौलताबाद तेवढा यायचा, पण पाण्याकडे बघायचासुद्धा नाही. ‘थांबा न घेता गेली’, असा शेरा आबांनी लिहिला होता.

तेवढ्यात फाटक करकरलं. "रामकिसनराव आहेत का?"

सेक्रेटरी विश्वजीतकाका आले होते. सोसायटीचं नाव जलतरंग, पण नळाला पाणी आठव्या दिवशी! ते जमिनीखालच्या मोठ्या टाकीत भरून ठेवायचं आणि पंपानं वरच्या टाकीत चढवून पुरवून पुरवून वापरायचं. त्या पंपाची किल्ली असायची विश्वजीतकाकांच्या खिशात, त्यामुळे चालताना त्यांची मान जरा ताठच असायची.

"रामकिसनराव, टाकी आठ दिवस पुरायची. आता सहाव्या दिवशीच तळ दिसतो! लोक मला विचारतात, पाणी जातं कुठं? तर पाणी जातं इथं!" काकांनी मोबाइल पुढे धरला. "काल ओट्यावर तुमची वही दिसली. फोटोच काढले मी. ऐका! ‘अजिंठा जलद, दुपारी बारा वीस, पंपाच्या बाजूनं रवाना.’ ‘दौलताबाद, टाकी फुल्ल करून रवाना.’ ‘देवगाव रंगारी, रोज हजर!’ म्हणजे बाहेरगावच्या गाड्यांना तुम्ही सोसायटीचं पाणी देता! तेही वेळापत्रक लावून!"

सम्यक इतका जोरात हसला की हौदात पडता पडता वाचला.

"अहो, ते बेडूक हैत," आबा शांतपणे म्हणाले. "अन् अजिंठा जलद ही घोरपड हाय."

"बेडूक देवगाव रंगारीला जातो? मला काय दुधखुळा समजता?" काका भडकले. "रविवारी साडेसहाला मीटिंग आहे. हा हौद बुजवायचा आणि मागचा नळ तोडायचा! मुरूम आणूनसुद्धा टाकलाय बाहेर."

ओवी धावत फाटकाशी गेली. खरंच, ट्रॉलीभर मुरमाचा लाल ढीग रस्त्याकडेला पडला होता.

काका गेले. आबांनी वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि वही चक्क फळीवर ठेवून दिली. रातराणी चार किडे गट्ट करून गेली, तरी त्यांनी नोंद केली नाही!

"ओवे, चौतीस वर्षं माझ्या शब्दावर गाड्या सुटल्या," ते म्हणाले. "एकानं बी इचारलं नाय, खरं का खोटं. आता काय बेडकाची शपथ घिऊ? हौद बुजला तर आपण गावाकडं जाऊ, लीला. इथं बसून करायचं तरी काय?"

ओवीला रडूच आलं. आबांचा हौद जाणार, आणि वर चोर म्हणून नाव! छे, असं होऊच द्यायचं नाही! तिनं डोळे पुसले आणि वही खाली काढली. शेवटची चार पानं तिनं तीनदा वाचली.

"सम्यक, टाकी लवकर संपायला लागली कधीपासून?"

"दोनेक आठवडे झाले. आई रोज ओरडते, म्हणून लक्षात आहे."

"आणि बेडूक यायचे कमी झाले तेही तेव्हापासूनच! पाणीही जातंय आणि बेडूकही जातायत. दोघं एकाच गावाला गेले असतील तर?"

चुक, चुक, चुक! भिंतीवरची रातराणी चुकचुकली. लीलाआजींनी सवयीनं ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत ओट्यावर बोट आपटलं. पण शंकेची पाल चुकचुकली होती ती ओवीच्या मनात!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं कामाला लागले. दौलताबाद जातो कुठं, ते शोधायचं होतं. तनुजानं रांगोळीचा डबा आणला.

"रांगोळी नको!" आबा ओट्यावरून ओरडले. रुसून बसले होते, पण कान इकडंच होते. "बेडूक तोंडानं पाणी पीत नाय, अंगानं पितो. लई नाजूक कातडी असती. पीठ घ्या."

"आणि भाकरी कशाच्या करू?" आजी कडाडल्या. पण पाठोपाठ ज्वारीच्या पिठाचा डबा बाहेर आला, चाळणीसकट!

अंगणभर पिठाचा पातळ थर पसरला. तिघं ओट्यामागे दबा धरून बसले. सात वाजले. सात दहा. मग मोगऱ्याच्या कुंडीमागून दौलताबाद निघाला. थप्प! थप्प! मधेच बसून त्यानं विश्रांती घेतली. एक मुंगळा गिळला. पुन्हा विश्रांती.

"ह्याच्यापेक्षा पायी गेलेलं बरं!" सम्यक कुजबुजला.

पण पिठात ठसे मात्र झकास उमटत होते! हौदाला वळसा घालून ते थेट मागच्या भिंतीकडे गेले आणि भिंतीच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या भोकात गायब झाले.

"झालं! सरड्याची धाव कुंपणापर्यंत," सम्यक हिरमुसला.

"सरड्याची! बेडकाची कुंपणापलीकडे!" ओवी म्हणाली. "पलीकडे काय आहे?"

"पंपाची खोली. आणि तिच्यामागे एक बोळ. तिथं कुणीच जात नाही."

तिघं बॅटरी घेऊन पळत वळसा घालून गेले. बोळाच्या तोंडाशी मोडके कूलर, खुर्च्या आणि गवताचे जुने पॅड रचलेले होते. "आधी काठी आपटा, मग पाय टाका," हा आबांचा धडा सगळ्यांना पाठ होता. ठक, ठक करत ते आत शिरले आणि जागच्या जागी थबकले.

गवत! भर मे महिन्यात गुडघाभर हिरवंगार गवत! पायाखाली चिखल, हवेत गारवा आणि जिकडेतिकडे बेडूकच बेडूक!

"आबांचं आख्खं स्टँड इथं आलंय!" तनुजा टाळ्या पिटायला लागली. "तो बघ, देवगाव रंगारी! डोळ्यावर डाग!"

मोडक्या कूलरपुढे म्हातारबुवा ऐटीत बसले होते. कूलरमागून सुर्र, सुर्र असा आवाज येत होता. ओवीनं गवत बाजूला केलं. एक काळा पाईप तडकला होता आणि त्यातून पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती. पाईपाचं एक टोक होतं पंपाच्या खोलीबाहेरच्या नळाला. आणि दुसरं?

सम्यक भिंतीवर चढला. "ओवी! दुसरं टोक विश्वजीतकाकांच्या पोर्चमध्ये! गाडी धुवायची गन लावलीय त्याला! गन बंद, पण इकडे नळ चालूच!"

म्हणजे काका गाडी धुतल्यावर नुसती गन बंद करायचे. नळ कोण बंद करणार? आणि पाईप दिवसरात्र इथं गळत होता!

ओवीनं आधी नळ घट्ट बंद केला. मग तिघं धावत काकांकडे गेले. काका टीव्हीवर मॅच बघत होते.

"काका, पाणी कुठं जातं ते सापडलं! पंपाच्या मागे—"

"पंपाच्या मागे गेला होतात? साप आहेत तिथं! मुलांनी मोठ्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही. पुन्हा दिसलात तर घरी सांगेन!" आणि धाडकन दार लावलं.

"ऐकूनसुद्धा घेतलं नाही!" सम्यक दात ओठ खात म्हणाला. "आणि नळ बंद केलास तू. आता पुरावा कुठाय?"

"म्हणून काय पाणी वाहू द्यायचं? काकांना गाडी धुतल्याशिवाय राहवत नाही. उद्या बघूच," ओवी म्हणाली. तिनं स्वतःची नवी वही उघडली.

शनिवारी सकाळी त्या वहीत पहिली नोंद झाली. ‘सहा पंधरा – नळ चालू. सहा चाळीस – गाडी चकाचक. गन बंद. नळ चालूच. काका चहाला रवाना.’

तिघांनी गळक्या जागी बादली लावली. भरली की दुसरी! भरलेली बादली तनुजाच्या घरी, आजीच्या पिंपात, दौलताबादच्या कुंडीत. संध्याकाळपर्यंत अकरा बादल्या भरल्या! रात्री नळ बंद केला. रविवारी सकाळी काकांनी पुन्हा तेच केलं, मुलांनीही पुन्हा तेच केलं. आणि शनिवारी संध्याकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. देवगाव रंगारी नव्या स्टँडवरही बरोबर सात पाचलाच कूलरखालून बाहेर पडला!

रविवार उजाडला तसा मावळतीलाही आला. मोकळ्या मैदानात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. मधोमध सोसायटीचे अध्यक्ष सर्जेरावकाका. आबा अगदी कडेच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांना तसं बसलेलं पाहून ओवी वही घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

विश्वजीतकाकांनी मोबाइलवरून वहीचं पान ठसक्यात वाचून दाखवलं. "‘देवगाव रंगारी. टाकी फुल्ल.’ आता बोला! आपली मुलं अंघोळीविना राहतात आणि पाणी चाललंय देवगाव रंगारीला! हौद आजच बुजवायचा!"

कुजबुज सुरू झाली. आबा उठून उभे राहिले. आणि तेवढ्यात ओवी पुढे आली.

"विश्वजीतकाकांचं बरोबर आहे!"

आबांनी चमकून नातीकडे पाहिलं.

"देवगाव रंगारी रोज सोसायटीचं पाणी घेते," ओवी धीटपणे म्हणाली. "आजकाल आमच्याकडे नाही, पंपाच्या मागे घेते. सात पाचला. आता सहा पन्नास झालेत. रंगेहाथ पकडायची असेल तर आत्ताच निघायला हवं!"

काकांचे डोळे लकाकले. "ऐकलंत? घरचीच साक्ष! चला, सगळे चला! मी व्हिडिओ काढतो. आवाज करू नका, ड्रायव्हर पळेल!"

सम्यकनं हसू दाबायला तोंडात रुमालच कोंबला.

आणि निघाली वरात! पुढे मोबाइल उगारून विश्वजीतकाका, मागे सर्जेरावकाका, त्यांच्यामागे चपला हातात घेतलेली आख्खी जलतरंग सोसायटी. काठी आपटत तनुजा सगळ्यांना वाट दाखवत होती. बोळात शिरताच एकजण पुटपुटला, "अरे, इथं ट्रक कसा येईल?"

"शूऽऽ! सात पाच व्हायला एकच मिनिट आहे!" ओवी म्हणाली.

सगळे श्वास रोखून उभे राहिले. मोडका कूलर जरासा हलल्यासारखा वाटला. मग थप्प! डाव्या डोळ्यावर पांढरा डाग असलेले म्हातारबुवा बाहेर आले, चिळकांडीखाली जाऊन बसले आणि अंगावर पाणी घेऊ लागले.

आणि मागून तो आवाज आला. गेले तीन दिवस कुणी ऐकला नव्हता, तो खणखणीत आवाज!

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं! सात वाजून पाच मिनिटांची देवगाव रंगारी फलाटावर लागलेली हाय!"

"हा बेडूक आहे!" विश्वजीतकाका किंचाळले.

"तेच तर सांगत व्हतो, साहेब," आबा म्हणाले.

काका दचकून मागे सरले, चिखलात पाय घसरला आणि धप्पकन बसले ते नेमके पाईपावर! तडकलेला पाईप फाटला आणि पाण्याचा लोंढा थेट त्यांच्या तोंडावर! सगळा बोळ हास्यानं दणाणला. दौलताबादसुद्धा दोन उड्या जास्त मारून पळाला!

सम्यकनं नळ बंद केला. सर्जेरावकाकांनी पाईप उचलला आणि हातानं चाचपत भिंतीपर्यंत गेले. त्यांनी पलीकडे वाकून पाहिलं.

"विश्वजीत, हा तुझ्या पोर्चमध्ये जातोय रे!"

काका चिखलातच बसून राहिले. ओवीनं आपली वही पुढे केली. सर्जेरावकाकांनी ती मोठ्यानं वाचली. ‘गन बंद. नळ चालूच. दिवसभरात अकरा बादल्या.’

"अकरा?" काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मी तर गन बंद करत होतो. मला वाटलं, गन बंद म्हणजे पाणी बंद."

"मुलं सांगायला आली होती तुझ्याकडे?"

"आली होती," काका हळूच म्हणाले. "मी दार लावून घेतलं."

ते उठले. ओल्या कपड्यांनीच आबांसमोर गेले आणि त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "रामकिसनराव, चुकलो. तुम्हाला चोर म्हणालो आणि गळती माझ्याच दारात होती."

आबांनी त्यांच्या खांद्यावरचा चिखल झटकला. "जाऊ द्या हो. गाडीला उशीर झाला, रद्द झाली, म्हणून कुणी स्टँड बुजवत नसतं. एवढं ध्यानात ठेवा."

"शाबास पोरांनो!" सर्जेरावकाका म्हणाले. "आम्ही एवढे मोठे खुर्च्या मांडून चोर शोधत बसलो आणि तुम्ही पिठाच्या डब्यानं गळती शोधलीत! तो मुरूम उद्या फाटकाजवळच्या खड्ड्यांत टाका. हौदाला कुणी हात लावायचा नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात लीलाआजींनी. "आता माझ्या ज्वारीच्या पिठाचंही नाव घ्या की कुणीतरी!" त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, आबांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बोळ सुकत चालला होता, त्यामुळे गाड्या जुन्या स्टँडवर परतायला लागल्या होत्या. सोमवारी सापसुरळी आली, मंगळवारी चार बेडूक. विश्वजीतकाका आपल्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत घेऊन आले होते आणि हौदात ओतून सगळ्यांत पुढे बसले होते.

सात पाच झाले. काहीच नाही. सात सहा. सात सात.

"माझ्यामुळे कायमचा रुसला की काय?" काका काळजीनं म्हणाले.

ओवीनं डोळे मिटून घेतले. आणि थप्प!

भिंतीच्या भोकातून आधी एक डोळा बाहेर आला, त्यावर पांढरा डाग. मग म्हातारबुवा शांतपणे अंगणात उतरले. कुणाकडेही न बघता, जणू मधे काही घडलंच नाही, असे हौदाच्या काठावर येऊन बसले.

आबांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. आणि पेन ओवीपुढे धरलं.

"लिही."

"मी? पण आबा, नियंत्रकाची वही नियंत्रकच लिहितो ना?"

"व्हय," आबा म्हणाले. "म्हणून तर तुला देतोय."

ओवीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं. ‘देवगाव रंगारी. आगमन सात आठ. उशीर – अकरा दिवस, तीन मिनिटं.’ शेऱ्याच्या रकान्यापाशी ती थांबली. मग हसली आणि तिनं लिहिलं, ‘वाट पाहणाऱ्यांचे आभार.’

आबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि हातांचा भोंगा केला. पण आवाज फुटायच्या आधीच त्यांनी हात खाली घेतले आणि ओवीकडे बोट दाखवलं.

ओवी काठावर उभी राहिली. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं! देवगाव रंगारी आलेली हायऽऽ!"

आणि म्हातारबुवांनी डुबकन पाण्यात उडी मारली.